गोष्टीतून काढलेला माणूस

आमच्याकडे रडणं शिकावं लागतं. हुंदके देणं, नाक ओढणं, डोळ्यांना पदर लावणं, याला वसईकडच्या आमच्या जूचंद्र गावात कुणी रडणं म्हणत नसे. मयताच्या घरी बाई आली की दारातूनच सूर लावायची, घरातल्या बाईच्या गळ्यात पडायची, आणि मग दोघी मिळून गेलेल्या माणसाचं सगळं सांगत सांगत रडायच्या. तो काय खायचा, कुणाशी भांडायचा, शेवटचं काय बोलला. जिला हे जमत नसे तिला माघारी नावं ठेवली जात, "हिला धर ररता पन येत नाय." आमच्या बोलीत ड-ढ चा र होतो आणि ळ चा ल. आणि त्या रडण्याचा एक कायदा होता, कुठं लिहिलेला नसला तरी कुणी मोडत नसे. रडताना बाई जे बोलेल त्याचा जाब तिला नंतर विचारायचा नाही. सासूचे वाभाडे काढू देत, नवऱ्याला शिव्या घालू देत, चूळ भरून कपभर कोरा चहा प्याली की ते बोलणं संपलं. हल्ली आमच्या विरारच्या सोसायटीत कुणी गेलं की व्हॉट्सअॅपवर जोडलेल्या हातांची रांग लागते, आणि त्याच रांगेत कुणीतरी पाण्याच्या टाकीची तक्रार टाकतं. असो. मी सांगणार आहे ते माझ्या पहिल्या गोष्टीबद्दल, आणि त्यासाठी आधी आमचं रडणं सांगणं भाग होतं.

माझी आई धवलारीण होती. आमच्या लोकांत लग्न भटजी लावतो ते नंतर, आधी ते धवलारीण लावते. मांडवात देव बसवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं, त्याला धवळा म्हणायचं, आणि ती म्हणणारी बाई मांडवात सगळ्यात मानाची. आईला अक्षर येत नव्हतं पण धवळे एवढे येत होते की दोन दिवस म्हणत राहिली तरी परत तोच यायचा नाही. तिचा आवाज गोड वगैरे नव्हता, जाड होता, पण तिनं पहिली ओळ उचलली की मांडवातल्या गप्पा बंद व्हायच्या. लग्नसराईत ती घरी नसायचीच. मग चूल माझ्याकडे आणि बहिणीकडे. आई मांडवातून आणायची ती हळदीचा हात लागलेली भाकरी खाऊन मी मोठी झाले असं म्हटलं तरी चालेल. बाबा मिठागरावर होते. मीठ ओढायचं काम, पायाला कायमच्या भेगा, बोलणं कमी. आईला लोक न्यायला येत तेव्हा बाबा ओट्यावर बसून नुसते बघायचे, पण ती निघाली की तिचं लुगडं नीट आहे की नाही हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांना तिचा फार अभिमान होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना नुसताच दगड समजाल.

जमना माझी थोरली बहीण. दोन गावं पलीकडं दिली होती. नवरा मारायचा, सासू उपाशी ठेवायची. यात नवं काही नव्हतं, आणि म्हणूनच कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. एका दुपारी ती एकटीच चालत आली. हातात पिशवीसुद्धा नव्हती. आईनं त्या दिवशी निवट्या आणल्या होत्या. खाडीच्या चिखलात उड्या मारणारे ते बोटभर मासे, राखेत घोळवून साफ करायचे आणि कैरी टाकून त्यांचं कालवण करायचं. जमना चुलीपाशी बसली आणि भाकरीवर भाकरी खात राहिली. आई थापायची, ती खायची. पोट भरल्यावर तिनं हात न धुताच सांगितलं, "आये, मी आता जात नाय."

आई म्हणाली, "नको जाव."

एवढंच. मला वाटलं, संपलं. मी तिचं अंथरूण कुठं घालायचं याचा विचारसुद्धा करून टाकला. पण उन्हं कलल्यावर बाबा मिठागरावरून आले, पाय धुतले, जमनाकडे बघितलं आणि सगळं समजले. ते ओरडले नाहीत. ओरडणारा माणूसच नव्हे तो. खाली बसून हळू आवाजात म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाय. तुझी आयस लोकांची लग्नं लावते. तिचीच पोर नांदत नाय असं झालं तं उद्या तिला कोन मांडवात बोलवील?"

"नाय बोलवली तं नाय बोलवली," आई म्हणाली.

"आता बोलतेस. मंग घरात बसून झुरशील."

आई यावर गप्प राहिली. मी तिचं ते गप्प राहणं पाहिलं आहे. ते 'हो' नव्हतं आणि 'नाही' पण नव्हतं. बाबांनी सायकल काढली. जमना उठली, पदर खोचला, कॅरिअरवर बसली. आईनं उरलेलं कालवण डब्यात भरून तिच्या मांडीवर दिलं. दिवस मावळायच्या आत बाबा तिला तिच्या सासरच्या दारात सोडून परत आले.

महिना झाला असेल नसेल, निरोप आला. परसातल्या विहिरीवर पाणी काढताना पाय घसरला, असं सासरचे म्हणाले. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. पाय घसरला की घसरवला की तिनंच टाकला, हे विचारायला आमच्यातला एक माणूस पुढं झाला नाही. मी आजवर विहिरीवर घसरून मेलेल्या जितक्या बायका ऐकल्या त्या सगळ्या सासरच्याच विहिरीत घसरलेल्या आहेत. माहेरच्या विहिरीला शेवाळ धरत नाही की काय कोण जाणे.

आई पहिल्या दिवशी जे रडली त्याला शेंडाबुडखा नव्हता. जमनाला लहानपणी आलेला ताप, तिच्या लग्नातला बँड, तिची तुटलेली चप्पल, तिची चहाडखोर नणंद, सगळं एकावर एक येत होतं. आलेल्या बायकांना कुठं सूर धरावा कळेना. दुसऱ्या दिवशी चप्पल गेली. तिसऱ्या दिवशी बँड गेला. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि माझ्या लक्षात आलं की आई खोडत चालली आहे. नवी बाई दारात आली की ती परत पहिल्यापासून सुरू करी, पण आता पहिलं म्हणजे जन्म नव्हता, ती दुपार होती. "निवट्या शिजत व्हत्या गो जमने, तू चुलीपाशी बसलीस." इथं समोरची बाई पहिला हुंदका द्यायची. मग भाकऱ्या. मग "आये, मी जात नाय" हे आई जमनाच्याच आवाजात म्हणायची, सूर सोडून, साध्या बोलण्यासारखं, आणि त्या ठिकाणी घरात सगळ्या बायका एकदम फुटायच्या. मग ती श्वास घ्यायची. मग, "बापसानं सायकलवर घातली गो तुला, नि मी डबा भरून दिला." शेवट डब्यावर. विहीर ती कधी म्हणायचीच नाही. विहीर सगळ्यांना ठाऊक होती.

मला हे सांगायला कसंतरी वाटतं, पण लपवत नाही: बहीण मेल्याचं दुःख उरात होतं तेव्हाच माझं मन ते सगळं न्याहाळत होतं. कार्यक्रमांतून लोक मला विचारतात, गोष्ट सुचते कशी, रचतात कशी. मी काहीतरी बरं उत्तर देते, टाळ्या होतात. खरं उत्तर हे आहे, आणि ते हार घातलेल्या व्यासपीठावरून देता येत नाही.

बाबा या सगळ्यात ओट्यावर असायचे. आमच्याकडे पुरुषानं रडायचं नसतं. आतून बायकांचा सूर येई, "बापसानं सायकलवर घातली," आणि हा माणूस उंबऱ्याबाहेर बसून दिवसातून दहादा ते ऐके. शेजारून जेवणाची ताटं यायची. बाबा भाकरीचा तुकडा मोडायचे, तसाच हातात धरायचे, आणि ताट कुत्र्याला. आई रडताना सगळं विसरलेली वाटायची, पण बाबांच्या ताटावर तिचा एक डोळा असायचा. दहाव्याच्या आधी एक दिवस बाबा "पानी बघून येतो" म्हणून मिठागराकडं गेले. भरतीचं पाणी आत घ्यायला खाडीच्या बांधाला लाकडी दारं असतात, त्याला उघाडी म्हणतात. उघाडीच्या तोंडाशी, भरती चढत असताना, ते छातीएवढ्या पाण्यात नुसते उभे होते. बरोबर काम करणाऱ्या बाळ्याकाकांनी बघितलं आणि ओढून काढलं. घरी आणून सोडताना बाळ्याकाका आईला एवढंच म्हणाले, "वहिनी, सांभाला याला. यो काय मीठ बघाय गेला नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी नायगावची मावशी आली. आईनं तिच्या गळ्यात पडून सूर लावला. निवट्या, चूल, भाकरी, "आये, मी जात नाय." श्वास. आणि मग आई म्हणाली, "मीच धाडली गो तुला. मीच डबा भरला नि मीच धाडली."

बाबा आणि सायकल, दोन्ही तिच्या रडण्यातून गेले. मी मान वर करून बघितलं. बाकीच्या बायकांनीही बघितलं, त्यांनी कालपर्यंत दुसरंच ऐकलं होतं. पण कायदा कायदा असतो, कुणी काही विचारलं नाही. बाराव्यापर्यंत आई तेच म्हणत राहिली. तिसऱ्या-चौथ्या वेळेस बाहेर ओट्यावर बाबांनी घोटभर पेज घेतली.

मी तेव्हा वसईच्या कॉलेजात होते. मराठी शिकवायला लोपीस सर होते. गोऱ्यापान चेहऱ्याचे, खिशात खडू विसरणारे, केळीच्या बागेतून थेट वर्गावर येणारे. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी गोष्ट मागवली होती. मी बाराव्यानंतर दुपारी परसात बसून लिहून काढली आणि त्यांना दिली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, जमनाबद्दल दोन शब्द बोलले, आणि मग म्हणाले, "सुमन, यात पाच-सहा गोष्टी आहेत, आणि अजून एकही झालेली नाही. लग्न आहे, ताप आहे, हुंड्यावर भाषण आहे. तुला नेमकं कुठलं सलतंय, ते ठेव."

मला त्यांचा संताप आला. माझी बहीण मेली आणि हे मला काटछाट शिकवतात. पण घरी येताना डोक्यात आईच आली. सर जे सांगत होते ते आईनं करून दाखवलं होतं, आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी परत लिहायला बसले. ताप काढला, बँड काढला, भाषण तर आधी काढलं. एक दुपार ठेवली. पण शेवटाला मी आईचं ऐकलं नाही. मी बाबांना ठेवलं. पाय धुणारा, हळू आवाजात बोलणारा, सायकल काढणारा बाप. मला तोच सलत होता. लिहिताना मला बरं वाटत होतं. सरांनी वाचून नुसती मान हलवली आणि म्हणाले, "आता गोष्ट झाली. बाप फार खरा उतरलाय. छापू."

छापायच्या आधी आईला ऐकवावी असं मला का वाटलं? शाबासकी हवी होती, दुसरं काय. ती बोंबील साफ करत बसली होती. मी वाचायला लागले. ती मान खाली घालून काम करत राहिली. निवट्या आल्या तेव्हा तिचा हात थांबला, परत चालू झाला. "आये, मी जात नाय" आलं तेव्हा ती म्हणाली, "हां, इथं थांबायचं जरा. घाई नको करू." मी थांबले. मग सायकल आली. मी शेवटपर्यंत वाचलं.

आईनं हात धुतले, पदराला पुसले. "चांगलं झालं. आता बापसाला कार त्याच्यातून."

"का म्हणून? धाडली त्यांनीच ना?"

"त्यानंच. मी कुठं नाय म्हनते?"

"मग? जगाला कळू दे की."

"गावातली पोरं कालेजात जातात. एकानं वाचलं की ओट्यावर वाचतील. त्याच्या कानावर जाईल." तिनं टोपली बाजूला सारली. "सुमे, मना एक मेली तेवरी पुरे. मी धाडली म्हनून लिही. मी ररताना तेच म्हनली, कोन काय बोललं मना? ररन्यातलं बोलनं नि तुझं हे लिवनं, एकच. चार दिस डोले पुसतील नि आपापल्या घरी जातील."

मी पुष्कळ भांडले. खोटं का लिहू, त्यांना माफी का, त्यांना स्वतःला तोंड नाही का. आई ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "धवल्यात पन समदं सांगायचं नस्तं. नवरीचा बाप दारू प्याला आसला तरी आपुन 'राजा बसला पाटावरी' म्हनतो. नवरी नीट घरी जावी म्हनून म्हनतो." आणि बोंबलाची टोपली उचलून आत गेली.

मी बाबांना काढलं. एका दुपारचं काम. सायकल गेली तशी गोष्ट सरळ झाली, चूल, दोन बायका आणि एक डबा, बस. सरांना नवा शेवट दाखवला तर त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "ही त्याहून चांगली झाली. बापाचा राग करून वाचक मोकळा होतो. या आईचा धड रागही येत नाही." मला आजही त्या वाक्याचा त्रास होतो, कारण सर बरोबर होते. माझी सगळ्यात नावाजलेली गोष्ट हीच. लोक येऊन सांगतात, किती सच्ची, अगदी आतून आलेली. मी 'हो' म्हणते आणि पाणी पिते.

अंक आला. आई म्हणाली होती तसाच गावातल्या पोरांनी तो शाळेजवळच्या ओट्यावर मोठ्यानं वाचला. बाबा तिथंच होते, असं मला नंतर कळलं. घरी आले, पाय धुतले, जेवायला बसले. त्या दिवशी त्यांनी ताट पुसून खाल्लं. आईनं आणखी भाकरी टाकली ती पण खाल्ली. मी समोर बसून बघत होते आणि मला त्यांचा इतका राग आला की माझंच ताट मी सरकवलं. एक वाक्य. एवढंच तर बोलायचं होतं, 'तिनं नाय, मी धाडली.'

लग्नसराई लागली. दरवर्षी तुळशीचं लग्न झालं की आमच्या दारात माणसं यायला लागत, अमक्या दिवशी हळद, धवलारीणबाय तुम्ही मोकळ्या ठेवा. त्या वर्षी कुणी आलं नाही. पहिले काही दिवस आई म्हणाली, घरात मयत झालंय, लोक वरीस पालत असतील. मग गावात हळदी लागायला सुरुवात झाली आणि धवळे ऐकू यायला लागले, दुसऱ्या बायकांच्या आवाजात.

शेजारच्या हिराकाकीच्या मुलीचं लग्न ठरलं. ही हिराकाकी म्हणजे आईच्या गळ्यात पडून सगळ्यात जास्त रडलेली बाई. बारा दिवस आमच्याकडे ताटं तिच्याच घरून यायची. ती आमंत्रण द्यायला आली, सगळ्यांना जेवायला या म्हणाली, आणि उठता उठता, जमिनीकडं बघत, "धवलारीण आमी गावातली नाय, राजावलीची बोलावलीय. म्हनलं तुमाला कशाला तरास."

"बरं केलंस," आई म्हणाली.

मी काकीच्या मागोमाग अंगणात गेले. "काकी, काय झालं खरं सांग."

"काय नाय गो." मग माझं तोंड बघून तिला राहवलं नाही. "तूच लिवलंस ना? तुझ्या आयशीनं पोरीला मरायला धाडली म्हनून. माझी पोर मी सासरी धाडताना तिच्याकरनं कशी पाठवनी म्हनून घेऊ? लोक काय म्हनतील?"

"पण काकी, हेच ती तुझ्या गळ्यात पडून म्हणाली. शंभरदा ऐकलंस तू. तेव्हा ती चालली."

"ररताना मानूस काय पन बोलतं, बाय. त्याचं काय धरायचं? पन हे छापून आलंय. खोटं आस्तं तं छापलं आस्तं का?"

मी काकीशी भांडू शकले असते. खरं काय ते तिथंच, अंगणात, मोठ्यानं सांगू शकले असते. आमच्या ओट्यावर बाबा बसले होते. त्यांना आमचं बोलणं ऐकू जात होतं. मी त्यांच्याकडं बघितलं. म्हटलं, आता बोलतील. पोरीला सायकलवर घातली ती आईच्या मानासाठी, तो मान आता डोळ्यांदेखत जातोय, आता तरी बोलतील. बाबांनी विडी पेटवली. मग काकीला म्हणाले, "येतो आमी जेवाला."

लग्नाच्या दिवशी आई गेली नाही. अंग मोडून आलंय म्हणाली. मी आणि बाबा गेलो. मांडवात राजावलीची बाई गात होती, चांगलंच गात होती, उगाच वाईट कशाला म्हणू. लोकांनी बाबांना पंगतीत बोलावून बसवलं, कुणी पाठीवर हात ठेवला. बिचारा, असं एकजण दुसऱ्याला म्हणाला ते मी कानांनी ऐकलं. बायकोच्या हट्टापायी पोर गेली बिचाऱ्याची. बाबा खाली मान घालून जेवत होते.

घरी आले तर आई दिवा न लावता चुलीपाशी बसली होती. पलीकडून पाठवणीचा धवळा स्पष्ट ऐकू येत होता, भिंतीला भिंत लागून घर. मी तिच्याजवळ बसले. खूप काही बोलायचं ठरवून आले होते.

"बापूस जेवला?" तिनं विचारलं.

"जेवले."

"नीट?"

"भात दोनदा मागून घेतला."

"मंग झालं," आई म्हणाली. मग चुलीतली राख सारत म्हणाली, "तो कवार लोटून घे बाय. आवाज येतो."